नांगराची खूण असलेली बंदरं : आईसोबत एजियन समुद्रात सात दिवस

दिवस १ : पिरेयस

क्रूझ बुक करताना आम्ही सगळं सगळं बघितलं होतं. केबिन लिफ्टजवळ आहे ना, बाथरूमला उंबरठा नाही ना, व्हीलचेअर दारातून जाते ना. राहिली फक्त एक गोष्ट, ती म्हणजे बंदरांच्या यादीत पॅटमॉस आणि सँटोरिनीच्या नावापुढे छापलेली बारीकशी नांगराची खूण. खाली तळटीप पण होती, 'टेंडर लागेल'. टेंडर म्हटलं की आपल्याला निविदा आठवते, त्यामुळे मी ते वाचलं आणि कसलीतरी परवानगी असेल म्हणून सोडून दिलं.

आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, घरात काठी घेऊन फिरते आणि लांब जायचं असेल तर घडीची व्हीलचेअर. सोबत मी आणि दादा. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, काहीच त्रास झाला नाही, टर्मिनलमधून उताराचा गँगवे (जहाजात शिरायचा पूल), आई खुर्चीत बसून थेट जहाजात, पाय जमिनीला लावायची पण वेळ आली नाही.

संध्याकाळी सुटायच्या आधी सुरक्षा ड्रिल झालं तेव्हा डोक्यावर टांगलेल्या लाइफबोटी जवळून बघितल्या. त्यातल्या काहींच्या खिडक्या मोठ्या आणि दारं रुंद होती. तिथल्या क्रूच्या मुलाला दादाने विचारलं तर तो म्हणाला त्या टेंडर आहेत, म्हणजे संकटात लाइफबोट आणि जिथे धक्का नाही तिथे प्रवाशांना किनाऱ्यावर नेणारी होडी, काम दोन पण बोट एकच. लाइफबोट म्हणून दीडशे माणसं मावत असली तरी टेंडर म्हणून त्याहून कमी घेतात, कारण माणसं नीट बसवून न्यायची असतात.

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पॅटमॉस आणि सँटोरिनीला जहाज किनाऱ्याला लागणारच नाहीये. तशीच काउंटरवर गेले आणि आईबद्दल विचारलं. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, त्या दिवशीचा समुद्र बघून ठरेल, आज कुणीच शब्द देऊ शकत नाही. नंतर त्या आम्हाला खाली एका कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या, तिथे जमिनीवर पिवळ्या टेपच्या दोन रेघा मारलेल्या होत्या, मध्ये साधारण दीड फुटाचं अंतर. बोट आणि प्लॅटफॉर्ममध्ये एवढी फट पडू शकते, खुर्चीतून उठून एवढं पाऊल स्वतःचं स्वतः टाकता आलं पाहिजे, क्रू आधार देतो पण उचलून नेत नाही. आईने काठी टेकली, एक पाय पलीकडे टाकला, आणि दुसरा आणताना दादाचा खांदा धरला. बाई काही बोलल्या नाहीत. आई पण काही बोलली नाही.

दिवस २ : मिकोनोस

पहाटे पाचला जाग आली म्हणून डेकवर गेले, आणि जहाज धक्क्याला कसं लागतं ते पहिल्यांदा पूर्ण बघायला मिळालं. एक छोटी पायलट बोट आली, जहाजाच्या अंगाला चिकटून धावायला लागली आणि त्यातला माणूस दोरीच्या शिडीने वर चढला. हा पायलट स्थानिक असतो, त्या बंदराचं पाणी, वारा, खडक सगळं त्याला पाठ. मग जहाज आडवंच्या आडवं धक्क्याकडे सरकायला लागलं (पुढच्या बाजूला पाण्याखाली आडवे पंखे असतात त्यांच्या जोरावर). खाली क्रूने आधी एक बारीक दोरी फेकली जिच्या टोकाला जड गाठ होती, धक्क्यावरच्या माणसांनी ती ओढली तर तिच्या मागून मनगटाएवढा जाड दोरखंड आला, त्याचा फास लोखंडी खुंटाला अडकवला. असे पुढे, मागे आणि मध्ये तिरके मिळून दहा-बारा दोरखंड. मग गँगवे, की झालं. कुणाला नंबर नाही की रांग नाही, ज्याला जेव्हा जायचं तेव्हा जा, विसरलं काही तर परत ये.

पण इथे एक गंमत कळली ती सांगतेच, कारण मी मनात "धक्का म्हणजे चांगलं, टेंडर म्हणजे वाईट" असं पक्कं करून बसले होते. मिकोनोसचा धक्का टूर्लोसला आहे, गावापासून दोनेक किलोमीटरवर. तिथून गावात जायला बस किंवा सी बस, आणि सी बस म्हणजे पुन्हा होडीच! उलट जी जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहतात त्यांच्या टेंडर थेट जुन्या बंदरात, अगदी गावाच्या मध्यावर लागतात. म्हणजे आम्ही धक्क्याला लागूनसुद्धा बसच्या रांगेत उभे, आणि टेंडरवाले उतरले की समोर गाव. आपल्याला कुठे जायचंय त्यावर सगळं ठरतं.

आम्ही बसने गेलो. गल्ल्या फरशीच्या आहेत, खुर्ची बऱ्यापैकी चालली, पवनचक्क्यांपर्यंत मात्र चढ असल्यामुळे दादाला बराच जोर लावावा लागला. वारा जोरात होता. उन्हाळाभर इथे उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त, आणि आम्ही सप्टेंबरात गेलो तरी तो पूर्ण गेला नव्हता. जाता जाता, ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर कर लावलाय, मिकोनोस आणि सँटोरिनीला गर्दीच्या महिन्यांत माणशी २० युरो, इतर बंदरांना कमी. बजेटमध्ये धरून ठेवा.

दिवस ३ : कुशादासी

आज तुर्कस्तान, आणि इथला धक्का म्हणजे धक्क्यांमधला राजा. जहाजातून उतरलो, टर्मिनल ओलांडलं की थेट बाजार, आणि इफेसस या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे जाणाऱ्या गाड्या पण तिथेच उभ्या, वीसेक किलोमीटर.

इफेसस आईला दाखवणं सोपं नाही. संगमरवरी रस्ता उताराचा आहे, दगड झिजून गुळगुळीत झालेत, खालच्या दरवाज्याकडून जेवढं जमलं तेवढं केलं. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग तिने लांबून बघितला. पण मला तिथे सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. थिएटरपासून एक रुंद, सरळ, खांबांचा रस्ता निघतो आणि पुढे नुसत्या गवताळ दलदलीत संपतो. तो रस्ता बंदराकडे जायचा. इफेसस हे रोमन काळातलं मोठं बंदर होतं, जहाजं इथे येऊन लागायची. नदीने गाळ आणून आणून ते बंदर भरत गेलं, लोकांनी पुन्हा पुन्हा उपसलं, पण समुद्र मागे हटत गेला आणि आज तो तिथून काही किलोमीटर लांब आहे. जहाजं यायची थांबली आणि शहर ओसाड पडलं. आई त्या रस्त्याच्या तोंडाशी खुर्चीत बसून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "एवढा मोठा धक्का बांधला आणि पाणीच निघून गेलं गं."

दिवस ४ : पॅटमॉस

हा दिवस नीट सांगते, कारण टेंडर म्हणजे काय हे इथे कळलं.

सकाळी सातला नांगर पडला. आमची केबिन पुढच्या बाजूला होती, साखळी सुटायला लागली तसा सगळा पलंग थरथरला. दादाने नंतर एका अधिकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटरचा, आणि जहाजाला धरून ठेवण्यात नुसत्या नांगराचं नाही तर तळाशी पसरलेल्या या साखळीच्या वजनाचंही मोठं काम असतं.

मग सूचना झाली की ज्यांना स्वतःहून उतरायचंय त्यांनी लाउंजमध्ये येऊन टेंडरचा नंबर घ्यावा. जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, मग सुइटवाले, मग बाकीचे. आमचा नंबर ११. पहिला तास सहलीवालेच जात होते. ज्यांनी बाहेरून गाडी-गाइड ठरवलेत ते घड्याळाकडे बघून कासावीस व्हायला लागले, आमच्या शेजारच्या जोडप्याचा गाइड नऊला किनाऱ्यावर येऊन थांबला होता आणि ते सव्वानऊला आमच्याच शेजारी बसलेले. टेंडरच्या बंदरात बाहेरची सहल ठरवायचीच असेल तर एरवी दिली असती त्यापेक्षा किमान दीड तास उशिराची वेळ द्या.

साडेनऊला नंबर पुकारला. लिफ्टने अगदी खालच्या डेकवर गेलो, हा भाग प्रवाशांना एरवी दिसतच नाही, लोखंडी भिंती, रंगाचा आणि डिझेलचा वास, आणि जहाजाच्या कुशीला उघडलेलं एक मोठं दार. दारातून एकदम पाण्याच्या पातळीवरचा उजेड आत येत होता. बाहेर प्लॅटफॉर्म, त्याला दोन दोरांनी बांधलेली टेंडर. वरून बघताना समुद्र शांत वाटला होता. इथे उभं राहिल्यावर दिसलं की टेंडर अर्धा हात वर येते, क्षणभर प्लॅटफॉर्मच्या बरोबरीला थांबते आणि मग खाली जाते, आणि खाली जाताना जरा लांबही सरकते. दोघं क्रू बाहेर, दोघं आत. माणूस आला की ते हात हातात घेत नाहीत, मनगटाच्या वर कोपरापाशी पकडतात आणि माणसानेही त्यांचा दंड तसाच धरायचा, म्हणजे ओल्या हातामुळे निसटत नाही. "मी म्हणेन तेव्हाच," एवढं एकच वाक्य प्रत्येकाला सांगत होते. बोट बरोबरीला आली की "आता!" आणि माणूस आत.

आमची पाळी आली. तिथल्या अधिकाऱ्याने हात वर करून रांग थांबवली. त्याने तीन-चार लाटा जाऊ दिल्या, बोटीकडे बघितलं, आईच्या पायांकडे बघितलं, मग खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला, म्हणजे त्याचे डोळे आईच्या डोळ्यांसमोर आले. म्हणाला, "मॅम, आत्ता कदाचित आम्ही तुम्हाला नेऊ शकू. पण दुपारी वारा वाढणार आहे. परत येताना तुम्हाला याच बोटीतून इथे वर यायचंय. मला तुम्हाला त्या किनाऱ्यावर अडकवायचं नाही."

मी भाषांतर करून सांगायच्या आधीच आई म्हणाली, "कळलं मला. बरोबर बोलतोय तो."

मला रडू आलं, राग पण आला. एवढे पैसे, एवढी तयारी, आणि समोर दहा मिनिटांवर गाव. मी काहीतरी वाद घालायला तोंड उघडलं तर आईने माझा हात दाबला. दादाला तिने हुकूम केला की तू जा आणि फोटो काढून आण, आणि आम्ही दोघी वर डेकवर आलो.

जहाज जवळजवळ रिकामं होतं. टेकडीवर पांढरी घरं आणि त्यांच्यावर काळपट किल्ल्यासारखा सेंट जॉनचा मठ, १०८८ साली स्थापन झालेला. समुद्री चाच्यांच्या भीतीने तो असा तटबंदीचा बांधलाय. आई म्हणाली इथून अख्खा दिसतो, पायथ्याला गेलं असतं तर एवढा दिसला नसता. ती माझी समजूत काढत होती, हे मला कळत होतं.

दोनच्या सुमाराला वारा खरंच वाढला. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले आणि टेंडरच्या फेऱ्या थांबल्या. किनाऱ्यावर रांग वाढत गेलेली वरून मुंग्यांसारखी दिसत होती. मग कॅप्टनने जहाज हळूहळू वळवलं, म्हणजे वाऱ्याकडे एक बाजू आणि दुसऱ्या बाजूला जहाजाच्या अंगाचा आडोसा, आणि त्या आडोशाच्या बाजूचं दार उघडून फेऱ्या पुन्हा सुरू केल्या. शेवटची टेंडर साडेचारची होती, ती पाचनंतर आली. दादा आला तो कमरेपर्यंत भिजलेला. आईच्या वयाच्या एका आजोबांना बोटीतून वर घेताना तीन वेळा "थांबा" झालं आणि चौथ्या लाटेला घेतलं, तोवर सगळी बोट श्वास रोखून बसली होती, असं त्याने सांगितलं. त्यानंतर माझा राग पूर्ण उतरला. त्या अधिकाऱ्याने जाण्याचा नाही, येण्याचा विचार केला होता. आम्ही कुणीच तो केला नव्हता.

रात्री अकराला आई केबिनमध्ये नव्हती. शोधत गेले तर खालच्या कॉरिडॉरमध्ये, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भिंतीचा कठडा धरलेला, आणि त्या पिवळ्या रेघा ओलांडत होती. जायची, वळायची, यायची. मी कोपऱ्यावरच थांबले, पुढे गेले नाही.

दिवस ५ : रोड्स

धक्का, आणि धक्क्यावरून उतरलं की समोर मध्ययुगीन तटबंदी. जहाजातून उतरणं दहा मिनिटांचं काम. पण आत जुन्या शहरात रस्ते उभ्या बसवलेल्या गोट्यांचे, खुर्चीची पुढची छोटी चाकं प्रत्येक गोट्यात अडकतात. दादा खुर्ची मागे कलवून नुसत्या मोठ्या चाकांवर ढकलत होता. अर्ध्या तासाने आईच म्हणाली हाडं खिळखिळी झाली, बाहेर चला. मग आम्ही तटाच्या बाहेरून मांद्राकी नावाच्या जुन्या बंदरापर्यंत गेलो, तो सपाट रस्ता आहे, बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणांचे पुतळे आहेत ते बघितले आणि परतलो. आज जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आमचं सगळ्यांचं लक्ष उद्याकडे होतं.

दिवस ६ : सँटोरिनी

आई पाचला उठून तयार.

सँटोरिनीचं पाणी म्हणजे ज्वालामुखीच्या पोटात भरलेला समुद्र. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. त्यामुळे कडा सरळ पाण्यात उतरतो आणि पाणी काही ठिकाणी साडेतीनशे मीटरहून खोल. एवढ्या खोल पाण्यात नांगर टाकता येत नाही, आमचं जहाज इंजिनं आणि पंखे चालू ठेवूनच एका जागी तरंगत राहिलं. २००७ साली याच पाण्यात एक क्रूझ जहाज खडकाला धडकून दुसऱ्या दिवशी बुडालं होतं, दोन प्रवासी सापडलेच नाहीत. दादाने हे मला हळू आवाजात सांगितलं, आईला ऐकू जाणार नाही असं.

इथे जहाजाच्या टेंडर वापरत नाहीत. बेटावरच्या नावाड्यांच्या स्वतःच्या मोठ्या बोटी येतात. त्या टेंडरपेक्षा रुंद आणि जड, त्यामुळे लाटेवर कमी उसळतात. आज समुद्रही गुळगुळीत होता, काल-परवाचा वारा नव्हताच. सहलीवाल्यांना त्या आधी अथिनियोस या दुसऱ्या बंदराला नेतात, तिथे बसेस असतात, आणि बाकीच्यांना फिरा या कड्यावरच्या मुख्य गावाच्या खालच्या जुन्या बंदरात.

खालच्या डेकवर पुन्हा तोच वास, तेच दार, आणि तोच अधिकारी! त्याने आईला ओळखलं. या वेळी बोटीकडे एकदाच बघितलं आणि बाजूला झाला. आई खुर्चीतून उठली, काठी माझ्याकडे दिली. बोटीत एक पिकल्या मिशांचा नावाडी होता, त्याने दोन्ही हात पुढे केले, आईने त्याचे दंड कोपरापाशी पकडले, अगदी बरोबर जसे पकडायला हवेत तसे. तो काही म्हणाला नाही, फक्त मान हलवली. आणि तिने पाऊल टाकलं. फट दीड फूट नव्हतीच, वीतभर असेल. दुसरा पाय आणताना तिने कुणाचाही खांदा धरला नाही. खुर्ची मागून घडी करून आली. मी आत आले तेव्हा आई बाकावर बसून हसत होती आणि तिचे गुडघे थरथरत होते.

जुन्या बंदरातून वर फिराला जायला तीन रस्ते : पाचशेहून जास्त पायऱ्या, गाढवं, नाहीतर केबल कार. पायऱ्या आईला शक्य नाहीत, गाढवांची अवस्था बघून आम्हाला कुणालाच तो विचार करवला नाही. केबल कारच्या एका खेपेत सहा डबे, एका डब्यात सहा माणसं, दोन-तीन मिनिटांत वर. सकाळी रांग वीस मिनिटांची होती. खरी अडचण परतताना, कारण अथिनियोसला उतरलेले सहलीवाले पण परत फिरावरूनच केबल कारने खाली येतात, आणि त्या दिवशी आमच्याशिवाय आणखी दोन जहाजं उभी होती. दुपारी तीननंतर रांग गल्लीत वळून दिसेनाशी होते. म्हणून आम्ही दुपारी एक वाजताच परत निघालो. इया गाव नाही बघितलं, सूर्यास्त नाही बघितला. फिराच्या कठड्याशी आई दोन तास बसली आणि खाली आमचं जहाज खेळण्याएवढं दिसत होतं ते बघत राहिली. "त्या एवढ्याशा डबीतून उतरले मी," असं ती दोनदा म्हणाली.

परतीची बोट अर्धी रिकामी होती. दारात तो अधिकारी नव्हता, दुसराच होता, आणि आई जराशी हिरमुसली.

दिवस ७ : पिरेयस

सकाळी सहाला धक्का. उताराचा गँगवे, खुर्ची, सामान, टर्मिनल, टॅक्सी, सगळं पटापट.

टॅक्सीची वाट बघत असताना आईने माझ्या पर्समधून पुढच्या वर्षीच्या फेऱ्यांचं पुस्तक काढलं, जे मी नुसतंच चाळायला घेतलं होतं. चष्मा लावला आणि एड्रियाटिकच्या पानावर कोटोरच्या नावापुढची बारीक नांगराची खूण बोटाने दाबून धरली.

"इथे बोटी कुणाच्या असतात गं? जहाजाच्या की गावाच्या?"

दादाने फोन काढला आणि शोधायला लागला.